मोहफूल: अन्न की अबकारी माल?

मार्चअखेरीस नागपूर जिल्ह्यातील रामटेक-देवलापारच्या जंगलात मोहाखाली पहाटेच टोपल्या पोहोचतात. फुले रात्रीतून गळतात. वेळेत वेचली नाहीत तर हरणे आणि अस्वले वाट पाहत नाहीत. वाळवलेली फुले मनुकांसारखी तपकिरी होऊन वर्षभर टिकतात. ती उकडून खातात, भाजून तिळासोबत कुटतात, पिठात मिसळून भाकरी थापतात. ही गोडी फुलातील साखरेची, आणि त्याच साखरेची दारूही होते. कायद्याने मात्र एवढेच पाहिले.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. अशा वर्षी जंगलकाठच्या कुटुंबांना साठवलेल्या मोहाचा आधार असे.

याच दशकात तिकडे मुंबई इलाख्यात हे फूल गुन्ह्याच्या यादीत जात होते. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व्यवसाय सरकारी नियंत्रणात आणला. मोठ्या भट्ट्या उरणला होत्या आणि त्यांत गाळली जाई ती मोहाचीच दारू! म्हणजे आक्षेप फुलाला नव्हता, बुडणाऱ्या महसुलाला होता. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुले वेचण्या-बाळगण्यावरच निर्बंध घातले. खाणाऱ्याचे आणि गाळणाऱ्याचे फूल एकच, हा पेच सरकारने खाणाऱ्याच्या माथी मारला.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफुलांवरील नियंत्रण कायम ठेवले. महसुलाची जागा नीतीने घेतली, एवढाच फरक. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे किनारपट्टीच्या भट्ट्यांतून उपजलेली ही दृष्टी आमच्या जंगलांनाही लागू झाली.

वनखात्याची एक तक्रार मात्र रास्त आहे. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्यातून वणवे लागतात.

दारूचा प्रश्नही खोटा नाही. गडचिरोलीत स्त्रियांनी दारूविरुद्ध लढा दिला आणि १९९३ साली जिल्ह्यात बंदी आली. पण मोह वेचणारे हातही मुख्यतः स्त्रियांचेच आहेत. दारू नको म्हणणे आणि फूल हवे म्हणणे यांत त्यांना विसंगती वाटण्याचे कारण नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. तरीही मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध उठवायला महाराष्ट्र शासनाला २०२१ साल उजाडावे लागले.