पाठवणीचं गाणं लिहिणारे नगराध्यक्ष

कल्याणला लग्नाच्या बँडमध्ये मी क्लॅरोनेट वाजवायचो. वरातीत हिंदी सिनेमा चालतो. तिथे कसब लागत नाही, छाती लागते. पाठवणीच्या वेळी मात्र मुलीकडचं कुणीतरी जवळ येऊन म्हणायचं, "मास्तर, गंगाजमुना घ्या." ते गाणं लिहिणारे पी. सावळाराम ठाण्यातच राहतात, हे सांगणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसायचं.

त्यांचं खरं नाव निवृत्ती रावजी पाटील. जन्म 4 जुलै 1914 चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ना. सी. फडके आणि माधव जूलियन यांच्या हाताखाली शिकले. त्या दोघांची छाप गाण्यांत शोधा, मला तरी सापडली नाही. सापडते ती जात्यावरची ओवी. पूर्वी लेक सासरी निघाली की घरच्या बायकाच गायच्या. ते काम पुढे तीन मिनिटांच्या तबकडीने उचललं. सावळारामांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल, लता मंगेशकरांचा गळा. रेल्वे स्टेशनावर लेकीला निरोप देणारी आई बघून 'गंगाजमुना' सुचलं, अशी हकिकत सांगतात. प्रभूंची चाल वाजवायला सोपी वाटते, पण सूर केसभर हलला तरी मांडवातल्या म्हातारीलाही कळतं.

वडील दीनानाथांच्या आठवणीत लताबाईंनी गायलेलं 'कल्पवृक्ष कन्येसाठी' हेही त्यांचंच. एकदा वडील नसलेल्या मुलीच्या लग्नात त्याची फर्माईश आली. मी वाजवलं नाही. पैसे कापले, कापू देत.

हाच माणूस साठच्या दशकात ठाण्याचा नगराध्यक्ष होता. नगरपालिका 1863 पासूनची. तिचा कारभार म्हणजे पाणी, गटारं, दिवाबत्ती. कवीला हे शोभतं का, असं विचारणारे असतातच. मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याला बायकांचं रडणं कळतं, त्याला नळावरची भांडणंही कळत असणार. कुसुमाग्रजांनी त्यांना 'जनकवी' म्हटलं. समीक्षकांनी मात्र भावगीतकार म्हणून बाजूला ठेवलं, तो त्यांचा प्रश्न. 21 डिसेंबर 1997 ला ते गेले. ठाण्यात आता त्यांच्या नावाने पुरस्कार देतात.

हल्ली पाठवणीला मोबाइल स्पीकरला जोडतात. लताबाईंचा मूळ आवाज येतो, म्हणजे आमच्यापेक्षा बरंच. फक्त मध्येच जाहिरात लागते, आणि ती संपेपर्यंत नवरीला गाडीच्या दाराशी थोपवून धरतात.