घडीचा कागद

जपानी तलवारीच्या मुठीतली बांबूची छोटी खुंटी ठोकून काढली की मूठ सरकते, परज सुटते आणि आतापर्यंत झाकलेले पात्याचे शेपूट उघडे पडते. त्याला नाकागो म्हणतात. त्यावर कधी लोहाराचे नाव कोरलेले असते, कधी नसते. नवखा माणूस आधी ते नाव शोधतो. जाणकार आधी गंज पाहतो, कारण नाव कुणालाही केव्हाही कोरता येते, पाचशे वर्षांचा दाट काळपट गंज मात्र कुणाला घडवता येत नाही. कानशीचे ओरखडे कोणत्या कलाने गेलेत, खुंटीची भोके किती आणि कुठे, नाव कोणत्या बाजूला आहे, हे त्यानंतर. जुनी ताची धार खाली करून कमरेला लटकवत, नंतरची कताना धार वर करून कमरपट्ट्यात खोचत. लोहार सहसा बाहेरून दिसणाऱ्या बाजूला नाव घाली, त्यामुळे नावाची बाजूही काळ सांगते. नाकागो घासून चकचकीत करणारा मालक तलवारीचा निम्मा इतिहास पुसून टाकतो, आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही.

नावांची नोंद ठेवण्याची हौस जुनी आहे. सम्राट गोतोबा याने पदत्यागानंतर नामांकित लोहारांना महिन्याच्या पाळीने दरबारी बोलावले, असे परंपरा सांगते. लोहारांच्या नावांचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ क्योतोच्या तोजी मठातला. त्याची प्रत 1423 सालची, पण मजकूर त्याच्याही शतकभर आधीचा. म्हणजे तलवार कुणाची, हा प्रश्न तेव्हाच महत्त्वाचा झाला होता.

पुढे तलवारींनी आपली नावेच गमावली, आणि पारखीची खरी विद्या तिथून वाढली. चौदाव्या शतकात नव्वद सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्यांची चाल होती. युद्धाची रीत पालटली, पायदळाला ती अवजड झाली, मग ती आखूड केली गेली. आखूड करायची ती टोकाकडून नाही, कारण टोकाला दिलेले पाणी तिथेच राहायला हवे. म्हणून शेपूट कापायचे, पात्याचा खालचा भाग घासून नवे शेपूट करायचे. या कापाकापीत लोहाराचे नाव गेले. कामाकुराचा लोहार मासामुने याची सही असलेली पाती अगदी मोजकी आहेत, त्यामागे हे एक कारण आहे. अशा अनामिक पात्यांचे गोत्र ठरवायचे तर पोलादालाच विचारावे लागते.

ते विचारू शकत होते शिकलगार. होन'आमी हे घराणे मुळात तलवारी घासून उजळणाऱ्यांचे. दगडावर दगड बदलत पाते उघडत नेताना जे दिसते ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही: घडीवर घडी घालून ठोकलेल्या पोलादाची वीण, आणि मातीचा लेप देऊन पाणी दिल्यावर धारेशी उमटणारी पांढरट रेषा, हामोन. त्या रेषेत डोळ्यांना सुटे दिसणारे चमकदार कण असले तर ते नीए, धुक्यासारखी सलग पांढुरकी झाक असली तर निओई. बिझेन प्रांताच्या पात्यात लवंगेच्या कळ्यांसारखी लहर आणि तिच्यावर पोलादात उमटणारी फिकट सावली. सागामीच्या पात्यात नीएचा लखलखाट. हे वाचता आले की नावाशिवायही प्रांत, घराणे, कधी कधी माणूसच सापडतो. खात्री पटली की होन'आमी शेपटावर सोन्याचे जडावकाम करून ते नाव घालत.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या काळात या घराण्यातल्या कोतोकूला पारखीचा अधिकृत मान मिळाला आणि जाड कागद आडवा घडी घालून त्यावर निर्णय लिहिण्याची रीत रुजली. त्यालाच ओरिगामी म्हणत: लोहाराचे नाव, लांबी, सुवर्णनाण्यांतली किंमत, तारीख आणि शिक्का. घराण्याचे लोक महिन्याच्या तिसऱ्या दिवशी एकत्र बसून निर्णय करत, म्हणून तारखेतला दिवस तिसराच असतो. किंमत लिहिण्याला व्यावहारिक कारण होते. पुढे तोकुगावा शोगुनांच्या काळात वारसा, लग्न, मानसन्मान अशा प्रसंगी सरदारांत तलवारींची देवघेव चाले, आणि घेतलेल्याइतकेच परत द्यायचे तर मोल ठाऊक हवे. योशिमुने शोगुनच्या आज्ञेवरून होन'आमी कोचूने नामवंत तलवारींची यादी केली, ती 1719 मध्ये सादर झाली. तिच्यात आगीत जळालेल्या तलवारींचीही नोंद आहे. पारखी माणसाने गमावलेल्याचाही हिशेब ठेवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मोल कागदावर आले, तसे कागदच खोटे होऊ लागले. कोचूच्या कागदावर संग्राहक आजही विसंबतात, त्यानंतरच्या काही पिढ्यांचे कागद जपून वाचतात. सतराव्या शतकातला लोहार कोतेत्सू याच्या नावाने तर इतकी बनावट पाती निघाली की त्याचे नाव दिसले की ती खोटीच समजावी, अशी समजूत रूढ झाली.

परज आणि मुठीवरच्या जडावाची कथा याच वळणाने गेली. गोतो यूजो (1440–1512) याच्यापासून सुरू झालेल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तांब्यात थोडे सोने मिसळून निळसर काळ्या रंगावर आणलेल्या शाकुदोवर काम केले. पहिल्या पिढ्यांनी सह्या क्वचितच केल्या, म्हणून नंतरच्या गोतोंनी पूर्वजांची कामे ओळखून त्यांवर नावे कोरली, घडीचे कागद दिले.

1876 च्या सरकारी आज्ञेने सामान्यांना तलवार कमरेला लावून फिरायची बंदी झाली. परजांचा थोर कारागीर कानो नात्सुओ याने तोवर मेजी सरकारच्या नाण्यांच्या आकृत्या कोरल्याही होत्या. 1945 च्या शरणागतीनंतर दोस्तांच्या सैन्याने ढिगांनी तलवारी जमा केल्या. शस्त्र आणि वारसा यांतला फरक त्यांना पटवून देण्यासाठी होन्मा जुंजी आणि सातो कान'इची यांनी अपार खटपट केली. 1948 मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली, आणि आज तीच पारखीचे कागद देते. परदेशी गेलेल्या तलवारींपैकी कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातले, कुनिमुने या लोहाराचे पाते अमेरिकी संग्राहक वॉल्टर कॉम्प्टन यांना सापडले. ते जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे हे कळल्यावर त्यांनी 1963 मध्ये एक पैसा न घेता ते परत केले. या छंदात याहून मोठे काम कुणी केल्याचे मला ठाऊक नाही.

कागद हाती असला तरी शिकण्याची रीत जुनीच आहे. पारखीच्या बैठकीत नाकागो कापडाने झाकून पाते समोर ठेवतात. शिकणारा दिव्याखाली पाते तिरके धरतो, नाव लिहून देतो. परीक्षक म्हणतो, 'आतारी', म्हणजे बरोबर. किंवा 'दोझेन', म्हणजे त्याच घराण्यातला जवळचा लोहार, बरोबरच धरा. किंवा 'इया', नाही. नाही म्हटले तर शिकणारा पुन्हा पाते उचलतो आणि पुन्हा नाव लिहितो. शेपूट उघडतात ते शेवटी.