युरोपचे मध्ययुग आणि ‘सरंजाम’ हा शब्द

माध्यमिक शाळेत युरोपच्या मध्ययुगाचा पाठ निघाला की ‘सरंजामशाही’ हा शब्द लवकरच भेटतो. राजा, त्याचे उमराव, उमरावांचे शिलेदार आणि सर्वांच्या तळाशी जमिनीला बांधलेला शेतकरी, अशी उतरंड फळ्यावर निघते व विद्यार्थी ती वहीत उतरून घेतात. निपाणी-बेळगावकडील विद्यार्थ्याला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. पेशवाईच्या अखेरीस निपाणीचे सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, ऊर्फ आप्पा देसाई निपाणकर, हे दुसऱ्या बाजीरावाचे सरलष्कर होते. देसाई, देशपांडे, कुलकर्णी यांची वतने तर आणखी अलीकडची. मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच राज्यात होता.

ओळखीचा शब्द अर्थ सुलभ करतो, तसा तो फसवितोही. सरंजाम म्हणजे सामग्री. फौज बाळगण्याच्या खर्चासाठी सरदाराला तोडून दिलेला मुलखाचा वसूल, हा त्याचा मराठेशाहीतील अर्थ. तत्त्वतः तो चाकरीपुरता असे. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी तो वंशपरंपरेने चालला. युरोपातील उमराव आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देऊन इमानाची शपथ घेई आणि त्याबदल्यात त्याला जमीन मिळे. त्या जमिनीवरील कुळांचे अनेक तंटे त्याच्याच कचेरीत तुटत. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि तेथील जमीन अशाच शर्तींवर आपल्या अनुयायांना वाटली. पुढे १०८६ साली त्याने गावोगावची पाहणी करवून माणसे, नांगर आणि पाणचक्क्यादेखील दप्तरात नोंदविल्या.

खरा भेद शेतकऱ्याच्या पायरीवर दिसतो. तिकडील भूदासाला धन्याच्या अनुमतीवाचून गाव सोडता येत नसे. पळून जाऊन सनदी शहरात एक वर्ष आणि एक दिवस काढला तर तो मोकळा होई, अशी अनेक ठिकाणी वहिवाट होती. १३४८ मध्ये इंग्लंडात प्लेग शिरला, मजूर दुर्मिळ झाले, तेव्हा १३५१ च्या कायद्याने मजुरी जुन्याच दरावर बांधून ठेवण्याचा प्रयत्न झाला. १३८१ साली तेथील शेतकऱ्यांनी बंड केले, त्यामागे हाही एक सल होता. मराठी मुलखात गाव ओस पडले म्हणजे कारभारी कौल देत. पहिली काही वर्षे सारा हलका ठेवून तो क्रमाक्रमाने वाढवीत आणि परागंदा रयतेला परत आणीत. म्हणून इकडे सारे सुखच होते असे मात्र नव्हे. वेठबिगार इकडेही होती, आणि महारकीच्या वतनाने एका समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकामाशी जखडून ठेवले होते.

सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ येथे आणखी एक साधन आहे. शेजारच्या कन्नड शाळेतील त्याचा मित्र हाच धडा ‘ऊळिगमान्य पद्धती’ या नावाने वाचतो. ऊळिग म्हणजे सेवा, मान्य म्हणजे इनाम दिलेली जमीन. मराठी शब्द फौजेच्या खर्चावर बोट ठेवतो, कन्नड शब्द सेवेच्या मोबदल्यावर. युरोपीय संज्ञेच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द अशा सेवेच्या बोलीने धारण केलेल्या जमिनीचा आहे. आणि या व्यवस्थेला एकच एक नाव देणारी संज्ञा तर पुढील काळातील पंडितांनी रूढ केली. मध्ययुगातील माणसांना ती ठाऊकही नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून या भागात मराठी आणि कन्नड बहुधा वादातच एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आहेत. इतिहासाच्या तासाला त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात. त्यासाठी नवे पुस्तक नको, की जादा तास नको. ‘सरंजाम कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या कष्टावर?’ हे तीन प्रश्न शिक्षकांनी निपाणीविषयी विचारावेत आणि मग तेच नॉर्मन इंग्लंडविषयी. दोन्हीकडची उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे विद्यार्थ्याचा खरा अभ्यास सुरू होईल.