दिवा कोणाच्या हातीं?

दहाएक वर्षांपूर्वीं एका सायंकाळीं पुण्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं एक लहानशी बैठक भरली होती. जमलेले पांचसहा गृहस्थ खिशांतल्या विजेच्या बत्त्यांचे शोकीन होते. ह्या बत्तीस शहरांत टॉर्च म्हणतात, खेड्यांत बॅटरी म्हणतात, आणि भाषाशुद्धीचे अभिमानी विजेरी म्हणतात. परंतु कारखान्यांत लाखांनीं निघणारी व कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळणारी ती ही नव्हे. एखादा कारागीर यंत्रावर धातूची कांब फिरवून, आटे पाडून, हातानें घांसूनपुसून जी एकेक तयार करतो, आणि जिची किंमत ऐकून सामान्य संसारी मनुष्य दचकतो, अशी ही बत्ती. मेजावर पांढरें कापड अंथरून त्यावर अशा दहाबारा बत्त्या मांडल्या होत्या, आणि त्यांतून एक निवडावयाची होती. आमचा एक माजी विद्यार्थी मुलांस शिकविण्याकरितां नर्मदाकांठच्या मणिबेली गांवीं कांहीं महिने जावयाचा होता; त्यास निरोपाची भेट म्हणून एक बत्ती द्यावी असें मंडळींनीं योजिलें होतें.

वाद मोठा रंगला. एक गृहस्थ तांब्याच्या पक्षाचे होते. आजची बत्ती पूर्वींप्रमाणें तार तापवून उजेड पाडीत नाहीं. तिळाएवढ्या स्फटिकांतून तो निघतो. निळा प्रकाश देणारा असा स्फटिक सिद्ध केल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हा स्फटिकहि तापतो, आणि ती उष्णता लवकर बाहेर गेली नाहीं तर उजेड मंदावतो. तांबें उष्णता उत्तम वाहून नेतें, सबब बत्ती तांब्याचीच हवी. दुसऱ्यांनीं उत्तर दिलें कीं, तांबें पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, टायटेनियम साडेचारपट. शिवाय तें गंजत नाहीं, मग उष्णता थोडी सांचली तर सांचली. तिसऱ्यांस धातूचें कौतुक नव्हतें. उजेडाचा रंग दुपारच्या उन्हासारखा निळसर पांढरा असावा कीं किंचित् पिवळसर, एवढाच त्यांचा प्रश्न. चौथ्यांच्या बत्तीच्या अंगांत ट्रिटियम वायूच्या बारीक कांचनळ्या बसविल्या होत्या. अंधारांत त्या आपोआप मिणमिणतात, म्हणजे बत्ती कोठें ठेविली हें सांपडतें. बारा वर्षांत ती चमक निम्म्यावर येते, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें.

सर्वांचें बोलणें ऐकून घेतल्यावर त्या विद्यार्थ्यानें हळूच विचारलें, "सर, तिकडे हिचा सेल संपला तर काय करावयाचें?"

बैठक क्षणभर स्तब्ध झाली. आमचें मन मात्र त्या प्रश्नानें एकदम कुळधर्माच्या देव्हाऱ्यापाशीं गेलें. ज्यांच्या घरीं खंडोबाचें दैवत आहे त्यांस दिवटी-बुधली ठाऊक आहे. दिवटी म्हणजे मुठींत धरावयाची लहानशी धातूची मशाल, आणि बुधली म्हणजे तिला तेल पाजणारें भांडें. आमच्या पूर्वजांनीं एकटी दिवटी कधीं पुजली नाहीं. जोडीस बुधली ठेविली. हातांतला दिवा हा त्याच्या तेलासकट दिवा होतो, हें त्यांस पक्कें कळलें होतें. मेजावरच्या त्या बारा दिवट्या आम्ही न्याहाळीत होतों, पण बुधलीचा विचार कोणीं केला नव्हता.

दिवटीवरून दिवट्या आठवतो. सरदारांच्या पालखीपुढें मशाल धरून धांवणारा तो दिवट्या किंवा मशालजी. पुढें इंग्रज अंमलदार रात्रीं पालखींतून डाकेचा प्रवास करीत, तेव्हांहि एका हातीं चिंध्यांचा पेटता पलिता व दुसऱ्या हातीं तेलाचें भांडें घेऊन हा मनुष्य कोसचे कोस शेजारून पळे. उजेड त्याच्या हातीं असे, परंतु तो उजेड त्याच्यासाठीं नसे. धूर त्याच्या डोळ्यांत जाई, आणि वाट दुसऱ्याची उजळे. कांचेचे दिवे आल्यावर साहेबांच्या घरीं मशालजीचें काम संपलें, पण नांव उरलें. तो स्वयंपाकघरांत भांडीं घांसूं लागला, आणि तेथेंहि त्यास मशालचीच म्हणत राहिले. एका शब्दाचा हा प्रवास म्हणजे एका वर्गाचा इतिहास आहे.

दिव्यांचा शोक हा कांहीं आजचा रोग नव्हे, आणि तो वाईटहि नव्हे. पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर, जे अज्ञातवासी ह्या नांवानें कविता लिहीत, त्यांनीं जन्मभर जुन्या वस्तु जमविल्या; आपल्या अकालीं गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें त्यांनीं उभारलेलें वस्तुसंग्रहालय सर्वांस परिचित आहे. त्यांचें विशेष प्रेम दिव्यांवर होतें, आणि १९६१ सालीं भारतांतील दिव्यांवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणा अनाम तांबटानें घडविलेल्या लामणदिव्यापुढें किंवा हातदिव्यापुढें उभें राहिलें म्हणजे मूठ कोठें बसावी, वात किती पुढें यावी, तेल सांडूं नये म्हणून कड किती उचलावी, हा सारा विचार त्या धातूंत गोठलेला दिसतो. दिवा हातानें घडविला म्हणून तो चांगला, एवढेंच केळकरांच्या संग्रहावरून कळत नाहीं. तो कोणत्या अंधारासाठीं घडविला हेंहि कळतें.

विजेची खिशांतली बत्ती ह्याच वंशांतली. कोरडा विद्युत्घट १८८७ च्या सुमारास जर्मनींत कार्ल गास्नर ह्यानें सिद्ध केला. त्यामुळें वीज न सांडतां बरोबर नेतां येऊं लागली, म्हणजे बुधली दिवटीच्या पोटांतच शिरली. डेव्हिड मिझेल ह्या संशोधकास अमेरिकेंत १० जानेवारी १८९९ रोजीं नळीच्या आकाराच्या बत्तीचें पेटंट मिळालें. आरंभींच्या त्या बत्त्या हातानेंच बनविलेल्या होत्या. कागदी नळी, टोकास दिवा आणि त्यामागें पितळेचा ओबडधोबड परावर्तक. त्यांतील कांहीं न्यूयॉर्कच्या पोलिसांस भेट म्हणून दिल्या होत्या. घट दुर्बळ, म्हणून उजेड क्षणभर चमकून विसावा घेई. इंग्रजींतलें फ्लॅशलाइट हें नांव त्या चमकेवरून पडलें.

आमच्या मतें ह्या कागदी नळीनें जें केलें तें मोठमोठ्या झुंबरांनीं केलें नव्हतें. दिवा धरणारा आणि त्या उजेडानें पाहणारा हे दोघे तिनें एक केले. दिवट्याची गरज संपली. रात्रीं वासरूं शोधणारा शेतकरी, बाळंतिणीकडे निघालेली सुईण, पावसांत बांध पाहावयास जाणारा पाटकरी, ह्यांच्या हातीं आपापला उजेड आला. टॉर्चची खरी थोरवी ही आहे. टायटेनियम किंवा तांबें ही तिची वस्त्रें होत.

आतां मणिबेलीकडे वळूं. सातपुड्याच्या कुशींत, अक्कलकुवा तालुक्यांत, नर्मदेच्या कांठीं तडवी-वसावे आदिवासींचें हें गांव. पूर्वीं तें धुळें जिल्ह्यांत होतें. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं निराळा झाला. सरदार सरोवराची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजीं पंडित नेहरूंनीं बसविली, आणि नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ सालीं झाला. त्या जलाशयानें बाधित होणाऱ्या महाराष्ट्रांतील ३३ गांवांपैकीं पाणी प्रथम पोंचणारें गांव मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यांत तेथील घरें पाण्यांत गेलीं, आणि शूलपाणेश्वराचें प्राचीन देऊळहि पुढें जलमग्न झालें. १९९४ सालीं जागतिक बँकेनें मोठ्या धरणांस कर्ज देणें थांबवावें अशी मागणी करणारें पत्रक ४४ देशांतील ३२६ संस्थांनीं काढलें, त्यास ह्याच खेड्याचें नांव दिलें गेलें. ह्या धरणाची वीज १४५० मेगावाट. तिचा शेंकडा २७ वांटा महाराष्ट्राचा. आणि ज्या काळीं हें धरण चढत होतें त्या काळीं ह्या तीरावरच्या गांवांत रात्रीं रॉकेलची चिमणी किंवा हातांतली बॅटरी हाच उजेड होता. पालखीशेजारून धांवणारा दिवट्या संपला असें आम्ही वर म्हटलें, तें अपुरें होतें. येथें अख्खें गांवच दिवट्या झालें.

धरणाचें पाणी तहानलेल्या मुलखास मिळालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या पंख्याची व दिव्याची वीज कोठून तरी येतेच, आणि आम्ही तीं बटणें रोज दाबतों. परंतु दुसराहि एक मार्ग शक्य होता, हें त्याच डोंगरांत एकदां दिसून आलें. धडगांव तालुक्यांतील बिलगांव येथें गांवकऱ्यांनीं श्रमदानानें बंधारा घातला, केरळांतील दोघां अभियंत्यांनीं यंत्र बसविलें, आणि २००३ सालीं पंधरा किलोवाटचें एक लहानसें वीजघर चालूं झालें. धरणाऱ्यानेंच पाहावें असा तो उजेड होता. २००६ च्या पावसाळ्यांत तो प्रकल्प वाढत्या पाण्यांत बुडाला.

हें सर्व आम्हीं त्या बैठकींत असें सांगोपांग बोललों नाहीं. आम्हीं फक्त दिवटी-बुधलीची आठवण दिली. मग मेजावरच्या बत्त्या पुन्हां तपासल्या गेल्या, आणि यावेळीं निराळे प्रश्न विचारले गेले. भिंतींतल्या विजेवर भरावे लागणारे सेल ज्यांत होते त्या बाजूस सरल्या. ओल्या हातांतून निसटेल, नावेंतून पाण्यांत पडली तर बुडून बिघडेल, अशाहि सरल्या. शेवटीं एका वृद्ध गृहस्थांनीं स्वतः घडविलेली, मेजाच्या कडेस पडून असलेली, एक पितळी बत्ती उरली. तिला घड्याळांत घालतात तोच साधा सेल लागे, जो अक्कलकुव्याच्या बाजारांत सहज मिळतो. तिचे आटे मोठे होते. लहान मुलासहि ती उघडतां येई.

चार महिन्यांनीं विद्यार्थी परत आला तेव्हां बत्ती त्याच्यापाशीं नव्हती. रात्रीं होडी लावणाऱ्या एका नावाड्यास ती देऊन आलों, असें त्यानें सांगितलें. त्या वृद्ध गृहस्थांस आम्हीं हें कळविलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग सेल कोणता घालतो, तेवढें मात्र त्यांनीं विचारलें.