तीन सुतांची वाट

नाशिकला आमच्या माळ्यावर द्राक्षांची एक रिकामी लाकडी पेटी पडून होती. हौसेने मी तिच्यात चौकटी बसवून सातेरी माश्यांना घर केले. दीड महिन्याने मोठ्या आशेने झाकण उघडले, तो पोळी भिंतींना चिकटलेली! चौकट ओढताच पोळे फाटले, पिल्ले चिरडली. चार दिवसांत माश्या निघून गेल्या.

चूक कोठे झाली, ते इतिहासात सापडले. १८५१ साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने हेरले, की चौकट आणि भिंत यांत सुमारे तीन सूत जागा ठेवली, तर मधमाशी ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी सोडते. कमी असली तर लिंपते, जास्त असली तर तेथेही पोळे बांधते. मग पोळे न मोडता मध काढता येऊ लागला. आपली सातेरी अंगाने लहान; तिच्यासाठी दक्षिणेत फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ च्या दरम्यान लहान पेटी बेतली.

त्याच मापाबरहुकूम मी ती पेटी पुन्हा जुळवली. फळ्या त्याच, खिळे तेच. वाटा तेवढ्या मोजून ठेवल्या. नवी वसाहत नांदते आहे. यंदा मात्र मध काढणार नाही. फराळाला आपला गूळच बरा.