नीरा-भीमा खोऱ्यातील लोकरी मावा व मित्रकीटक : एक ऐतिहासिक टिपण

इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे नीरा व भीमा यांचा संगम होतो. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाल्यानंतर बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस स्थिरावला आणि शिवारामागून शिवार एकाच पिकाखाली गेले. किडीच्या दृष्टीने अशी सलग शेती म्हणजे मांडलेली पंगतच होय.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला. पश्चिम बंगालमध्ये त्याची नोंद १९५८ मध्येच झाली होती. महाराष्ट्रास मात्र तो नवा होता. लवकरच पुणे जिल्ह्यासह सारा ऊसपट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. पानामागे बसून तो रस शोषतो व त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. पहिला उपाय अर्थातच फवारणीचा होता. परंतु सात-आठ महिन्यांच्या दाट उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे जवळजवळ अशक्य. औषधाने किडीबरोबर तिचे शत्रूही मरत.

हा पेच जुनाच होता. १९२६ मध्ये इंग्लंडमधील एका टोमॅटो बागायतदारास पांढऱ्या माशीची काही पिले काळी पडलेली दिसली. चेशंट येथील संशोधक स्पेयर यांनी त्यामागील 'एन्कार्सिया फॉर्मोसा' या सूक्ष्म गांधीलमाशीचा अभ्यास केला. ती पिलाच्या अंगात अंडे घालते व अळी त्याला आतून खाते. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कीटकनाशके आली आणि ही माशी मागे पडली. कीड औषधांना दाद देईना, तेव्हा १९७० च्या दशकात तिला पुन्हा बोलावावे लागले.

याच प्रजातीतील 'एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम' मात्र लोकरी माव्यावर जगते. तिचे माहेर ईशान्य भारत; तेथून ती दक्षिणेकडील ऊसक्षेत्रात आणली गेली. महाराष्ट्रात आरंभीचा भार 'डिफा' व 'मायक्रोमस' या भक्षक कीटकांनी उचलला, हे येथे नोंदविले पाहिजे. सारे श्रेय गांधीलमाशीस देणे इतिहासास धरून होणार नाही. हेक्टरी डिफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस होती. अळ्या असलेली पाने कापून प्रादुर्भावग्रस्त उसास अडकविली जात. त्यानंतर त्या शेतात फवारणी करावयाची नाही, ही अट असे. ऊस पांढरा पडलेला दिसत असताना पंप घरी ठेवणे, हे कर्ज काढून लागण केलेल्या शेतकऱ्यास पटणे सोपे नव्हते.