फुप्फुस लहान करण्याचा इतिहास

लालबागच्या गिरणीत उमेदीची वर्षे घालवून मुलुंडला राहायला आलेल्या माझ्या काकांना आता स्टेशनचा पूल एका दमात चढवत नाही. आजार सीओपीडी. डॉक्टरांनी फुप्फुसात व्हॉल्व्ह बसवण्याचा पर्याय सांगितला. ‘करू का रे?’ या त्यांच्या प्रश्नामुळे मी या उपचाराच्या इतिहासात शिरलो.

या आजारातल्या एम्फिसिमा या प्रकारात अडचण श्वास घेण्यापेक्षा सोडण्याची असते. लवचीकपणा गेलेल्या भागात हवा कोंडते, फुप्फुस फुगते, छातीखालचा श्वासाचा पडदा सपाट होतो आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. बाल्टिमोरचे सर्जन ऑटो ब्रॅन्टिगन यांनी 1950च्या दशकात निकामी भाग कापून काढायला सुरुवात केली. काहींना आराम पडला. पण सहांपैकी साधारण एक रुग्ण दगावला आणि कल्पना मागे पडली. 1990च्या दशकात सेंट लुइसला जोएल कूपर यांनी ती पुन्हा उचलली.

मग अमेरिकेत 1218 रुग्णांची चाचणी झाली. 2003 साली जाहीर झालेला तिचा निष्कर्ष असा, की ज्यांचा आजार मुख्यतः वरच्या खंडांत होता आणि चालण्याफिरण्याची ताकद कमी होती, त्यांचे आयुष्य वाढले. उलट फुप्फुसे फारच खालावलेल्या एका गटात शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात 16 टक्के मृत्यू झाले. उपचार तोच, फरक रुग्णाच्या निवडीचा.

अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळालेल्या व्हॉल्व्हमध्ये कापाकापी नाही. दुर्बिणीतून ते श्वासनलिकेच्या फांद्यांत बसवतात. हवा बाहेर जाते, आत येत नाही. तो खंड आकसतो आणि बाकीच्या फुप्फुसाला जागा मिळते. मात्र दोन खंडांमधली फट पूर्ण हवी. नाहीतर शेजारच्या खंडातून हवा झिरपते आणि व्हॉल्व्ह वाया जातो. ही अट पाळून केलेल्या 190 रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने व्हॉल्व्ह बसवलेल्यांपैकी सुमारे 48 टक्के रुग्णांची श्वास सोडण्याची क्षमता ठळक सुधारली. इतरांत हे प्रमाण 17 टक्के होते. पण पहिल्या दीड महिन्यात साधारण तिघांपैकी एकाच्या फुप्फुसातून छातीत हवा सुटली.

हे आकडे मुंबईला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्या चाचण्यांतले रुग्ण मुख्यतः सिगारेट सोडलेले होते. आपल्याकडे चुलीचा धूर, जुन्या क्षयाचे व्रण आणि शहराची हवा यांचीही भर पडते. केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांचे आजार हवेच्या प्रदूषणाशी ताडून पाहिले होते. काका तेव्हा त्याच लालबागेत श्वास घेत होते.

म्हणून मी त्यांना हो किंवा नाही म्हटले नाही. तीन प्रश्न लिहून दिले : सीटी स्कॅनमध्ये खंडांमधली फट पूर्ण दिसते का? छातीत हवा सुटली तर रात्री-अपरात्री ती काढायची सोय त्याच इस्पितळात आहे का? श्वसनाचे व्यायाम आधी पुरेसे झाले आहेत का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ होते. काकांनी व्यायाम सुरू केले आहेत, निर्णय त्यानंतर.